सेट कशाला, ताटं घ्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलीचं नुकतंच लग्न झालंय, पुण्यात दोन खोल्यांचा फ्लॅट, नवराबायको दोघंही नोकरीला. आईला तिला जेवणाची भांडी घेऊन द्यायची आहेत. मॉलमध्ये ३५ नगांचा बोन चायनाचा सेट पाहून ठेवलाय, किंमत १८ हजार. घरातले म्हणतात, रोजच्या वापरातली साधी भांडी घे, फुटली तर फुटली. "एकदाच घ्यायचं तर भारीतलं घ्यावं, की स्वस्तातलं घेऊन मोकळं व्हावं?"

ताई, मी नाशिकच्या भांडी बाजारात ३३ वर्षं गल्ल्यावर बसतोय, माझ्याआधी वडील बसायचे. दुकानात दोन्ही प्रकारचा माल आहे, आणि भारी सेटवर मला जास्त सुटतात. तरीही माझं उत्तर साधीच भांडी घ्या असं आहे. ती स्वस्त आहेत म्हणून नव्हे. ती सुटी मिळतात म्हणून.

हे जरा फोड करून सांगतो, कारण सगळं पाणी इथेच मुरतं.

दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस दुकानात एक दृश्य हमखास दिसतं. बाई पिशवीतून जुन्या ओढणीत गुंडाळलेली एक डिश काढतात, काउंटरवर ठेवतात आणि म्हणतात, "अगदी अशीच दोन द्या." डिश उलटी करून मागचा शिक्का बघितला की मला कळतं, हे डिझाइन बंद होऊन सहा-सात वर्षं झाली. तरी त्यांच्या समाधानासाठी मी फळीवरची चार-पाच डिझाइनं खाली उतरवतो. त्या एकेक डिश आपल्या डिशला खेटून धरतात, ट्यूबलाइटखाली बघतात, मग दाराशी जाऊन उन्हात बघतात. गंमत म्हणजे नुसत्या पांढऱ्या डिशसुद्धा एकमेकींशी जुळत नाहीत. एक दुधाळ, एक निळसर, एक साबुदाण्याच्या खिचडीसारखी किंचित पिवळी. शेवटी त्या डिश परत ओढणीत गुंडाळतात आणि विचारतात, "मग आता उरलेल्या चारांचं काय करू?"

माझ्याकडे याचं उत्तर नसतं. सहाचा सेट चारचा झाला की बाईचं मन त्यातून उठतं. पाहुण्यांसमोर काढता येत नाही, टाकवतही नाही. पैसे बुडतात ते इथे, फुटलेल्या दोन डिशमध्ये नाही.

आता सेटमध्ये काय असतं ते मोजा. बाजारात जो २७ नगांचा सेट चालतो त्यात साधारणपणे सहा मोठ्या डिश, सहा छोट्या डिश, बारा वाट्या, दोन सर्व्हिंग बाऊल आणि एक भाताची मोठी प्लेट असते. ३५ नगांचा घेतला की सूपचे बाऊल, त्यांचे चमचे, असं काहीतरी वाढतं. आपल्याकडे सूप महिन्यातून एकदा होतं, तेही टीव्हीसमोर मगमधून प्यायलं जातं. म्हणजे आकडा ३५ चा असला तरी वापरात येतात त्या चार मोठ्या डिश आणि आठ वाट्या. बाकीचे नग खोक्यात राहतात, आणि खोकं लॉफ्टवर.

आणि ती मोठी डिशसुद्धा आपल्या जेवणासाठी केलेली नाही. काटा-चमच्याच्या जेवणाची ती घडण आहे. साडेदहा-अकरा इंच, काठ पसरट, मध्ये जेमतेम उतार. तिच्यावर वरणभात कालवून बघा. आमटी पळते, कडेला थांबत नाही. आपण भात बोटांनी काठाकडे ओढून घास करतो, तिथे बोटांना टेकायला काहीतरी उभं लागतं. म्हणून आपल्या ताटाला काठ असतो. डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, उजवीकडे भाजी, समोर भात, आमटीची वाटी ताटातच. एवढा पसारा साडेदहा इंचात मावत नाही. मग वाट्या डिशच्या बाहेर टेबलावर येतात आणि तिथून कोणाच्या तरी कोपराने कलंडतात. गिऱ्हाईक मला किंमत विचारतं, रंग विचारतं. काठ किती उंच आहे हे ३३ वर्षांत मोजून दहा जणांनी विचारलं असेल.

जरा पैशांचं गणित. १८ हजारांचा सेट वर्षातून चार वेळा निघेल असं धरू. गणपती, दिवाळी, एखादा वाढदिवस, नवीन व्याही. दहा वर्षांत चाळीस वेळा. म्हणजे दर वेळी साडेचारशे रुपये, वर अन्नाचा खर्च वेगळा. याउलट चांगलं वजनदार स्टीलचं ताट अडीचशेला धरा. रोज दोन वेळा, वीस वर्षं, म्हणजे १४,६०० जेवणं. एका जेवणाला दोन पैसेही पडत नाहीत. शिवाय वीस वर्षांनी ते मोडीत घातलं तर किलोवर काहीतरी हातात येतं. फुटलेल्या बोन चायनाला भंगारवालासुद्धा हात लावत नाही.

अजून एक खर्च कोणी धरत नाही, तो म्हणजे धुणं. भारी सेट मावशींच्या हाती द्यायचा नाही हा घरोघरचा नियम. म्हणजे बारा माणसं जेवून गेली की रात्री साडेअकराला ती भांडी घरातली बाई स्वतः घासणार. पुढच्या खेपेला ती काय करते? "जाऊ दे, स्टीलचीच काढ." माझ्या स्वतःच्या घरी हे झालंय. लग्नातल्या आहेरात आलेला निळ्या वेलींचा सेट शोकेसमध्ये एकवीस वर्षं होता. त्यातला सूपचा बाऊल पहिल्यांदा वापरला तो मांजराच्या पिल्लाला दूध द्यायला, कारण हाताशी दुसरं काही नव्हतं.

आता साधं म्हणजे काय घ्यायचं, कारण साध्यातही माल आणि माल यांत फरक असतो.

स्टीलपासून सुरू करू. वडील सांगायचे, त्यांच्या उमेदीच्या काळात बायका पितळेची परात, हंडे, ताटं मोडीत घालून स्टील न्यायच्या. स्टीलला चिंच-कोकमाचा त्रास नाही, कल्हई नाही, घासायला हलकं. पुढे १९८१ मध्ये तामिळनाडूत सेलमचा सरकारी पोलाद कारखाना सुरू झाला, आपल्याकडेच स्टेनलेसचा पत्रा भरपूर तयार होऊ लागला आणि स्टील सगळ्यांच्या आवाक्यात आलं. बोहारणीच्या टोपलीतसुद्धा स्टील आलं. जरीची साडी द्या आणि डबा घ्या. आज त्याच घरांतल्या सुना पितळेची परात शोधत माझ्याकडे येतात. असो.

स्टीलचं ताट घेताना बहुतेक जण लोहचुंबक घेऊन येतात. फ्रिजवरचं काढून आणलेलं, कधी त्यावर अष्टविनायक असतात तर कधी आंबा. ते ताटाला लावतात आणि चिकटलं की म्हणतात, "हे डुप्लिकेट आहे." तसं नसतं. ज्याला आम्ही ३०४ म्हणतो त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. त्याला चुंबक चिकटत नाही. २०१, २०२ हा जो माल आहे त्यात निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं. त्यालाही चिकटत नाही. म्हणजे ज्या दोन मालांत दुकानदार तुम्हाला फसवू शकतो, त्या दोघांतला फरक तुमच्या चुंबकाला कळतच नाही. चिकटतं ते ४३० ला. त्यात निकेल जवळजवळ नसतं, पण तेही अस्सल स्टेनलेसच आहे, आणि इंडक्शनच्या भांड्यांच्या बुडाला मुद्दाम तेच वापरतात. आणि कधी कधी ३०४ च्या ताटालाही काठापाशी चुंबक थोडं ओढतं, कारण साच्यात दाबताना तिथल्या धातूची रचना बदलते. तेव्हा चुंबक घरी ठेवा.

त्याऐवजी वजन करा. आमच्याकडे अजूनही पुष्कळ स्टील किलोवर विकलं जातं ते उगाच नाही. पत्र्याची जाडी गेजमध्ये सांगतात आणि इथे आकडा उलटा चालतो: जितका मोठा तितका पत्रा पातळ. २२ गेज म्हणजे साधारण ०.७ मिलिमीटर, २४ गेज म्हणजे ०.५५ च्या आसपास. बारा इंची काठाचं ताट २२ गेजमध्ये अर्ध्या किलोच्या जवळपास भरतं, २४ मध्ये चारशे ग्रॅमच्या. तेच ताट तीनशेच्या खाली भरलं तर ते लग्नात आहेर म्हणून वाटायचं ताट आहे, जेवायचं नव्हे. घरी नेलं की महिन्याभरात पोचा येतो, बूड फुगतं आणि ताट टेबलावर भोवऱ्यासारखं फिरायला लागतं. गरम भात वाढला की हातात धरवत नाही हे वेगळंच.

दुकानात दोन गोष्टी करून बघा. ताट काउंटरवर ठेवून मध्ये बोटाने दाबा. "टक" असा आवाज होऊन बूड खालीवर झालं तर ठेवून द्या. मग काठाच्या खालच्या बाजूने अंगठा फिरवा. काठ आत वळवून बंद केलेला असेल तर अंगठा सरळ फिरतो. वळवलेल्या काठात फट राहिली असेल तर तिथे साबणाचं पाणी आणि आमटी साठते, आणि दोन महिन्यांनी ताटाला वास का येतो हे कळत नाही. भाईंदरच्या मालात असो की दिल्लीच्या, हे दोन्ही प्रकार सापडतात, म्हणून गाव विचारू नका, काठ बघा. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने स्टील आणि ॲल्युमिनियमच्या भांड्यांना आयएसआयची खूण सक्तीची करण्याचा आदेश काढला. तेव्हा खूण आहे का ते बघायला हरकत नाही, पण तिने काठ तपासायचं काम वाचत नाही.

जेवणाच्या ताटाला २०२ चालतं. ताटात अन्न पंधरा-वीस मिनिटं असतं. लोणचं, चिंचेचा कोळ, सोलकढी रात्रभर राहणार असेल तिथे ३०४ घ्या, नाहीतर काच. मिठाचं पाणी हा स्टीलचा खरा शत्रू. लोणच्याची वाटी न धुता दोन दिवस सिंकमध्ये राहिली की आत टाचणीच्या टोकाएवढे काळे ठिपके पडतात. मग बाई वाटी घेऊन येतात, "गंजलं बघा तुमचं स्टील." ते घासून जात नाहीत, कारण ते डाग नसतात, खड्डे असतात.

स्टील नको, टेबलावर पांढरं दिसलं पाहिजे असं मुलीचं म्हणणं असेल, आणि हल्लीच्या मुलींचं असतं, तर ओपलची काच घ्या. ला ओपालाने आपल्याकडे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी ही आणली, आता बोरोसिलची लारा आहे, सेलोची आहे. अमेरिकेतल्या मराठी घरांत कोरेल दिसते. तीही काचच, पण तीन थर एकत्र दाबून केलेली, १९७० पासूनची. माझ्या भाचीकडे न्यू जर्सीत कोरेलच्या डिश आहेत आणि शेजारीच इथून बॅगेत भरून नेलेली सहा स्टीलची ताटं. वरणभात कशात खाते विचारलं तर हसली.

ओपल म्हणजे चिनी माती नव्हे, हे आधी लक्षात घ्या. ती काचच आहे, तिच्यातल्या बारीक कणांमुळे पांढरी दिसते. त्यामुळे ती पाणी शोषत नाही, हळद धरत नाही, मायक्रोवेव्हमध्ये चालते, हलकी असते. तापवून झटकन थंड केल्याने तिच्या वरच्या थरात ताण भरलेला असतो आणि त्यामुळे ती साध्या काचेपेक्षा पुष्कळ मजबूत होते. सपाट पडली तर कधी कधी काहीच होत नाही. पण तो ताण हाच तिचा स्वभाव आहे. काठावर ठोका बसला की टवका उडून भागत नाही, डिशच्या डिश जाते, आणि अणकुचीदार तुकडे पार फ्रिजखाली सापडतात. म्हणून घरात रांगणारं मूल असेल तर त्याच्या वाटणीला स्टील. आणि खोल चरा पडलेली ओपलची डिश "अजून चांगली आहे" म्हणून वापरू नका. अशाच डिश एके दिवशी हात न लावता फुटल्या असं लोक येऊन सांगतात.

काचेच्या डिश कुठे फुटतात ते ऐका. टेबलावर नाही, हातातून पडूनही फारशा नाहीत. सिंकमध्ये. खाली कुकर, त्यावर कढई, त्यावर डिश, आणि वरून नळाची तोटी. मावशी कुकर ओढतात, डिश घसरते आणि तोटीवर आपटते. मी नव्या सुनांना फुकटचा सल्ला देतो: काचेच्या डिश सिंकमध्ये टाकूच नका, ओट्यावर डाव्या बाजूला रचा आणि आधी त्या धुवा. ज्यांनी ऐकलं त्यांची गिऱ्हाइकी मी घालवून बसलोय.

बोन चायनाबद्दल आता बोलतो, कारण तुम्ही तोच पाहून ठेवलाय. माल वाईट नाही. खरं तर दिसतो त्यापेक्षा पुष्कळ मजबूत असतो. पातळ असूनही साध्या चिनी मातीपेक्षा त्याचे टवके कमी उडतात. डिश दिव्यासमोर धरून मागे बोटं ठेवली की बोटांची सावली दिसते, ती त्याची ओळख. पण विकायच्या आधी मी एक गोष्ट सांगतोच: बोन चायनातलं बोन म्हणजे खरोखरचं हाड. जनावरांची हाडं जाळून त्याची राख मातीत मिसळतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात स्टोक-ऑन-ट्रेंटला जोसाया स्पोडने ही पद्धत बसवली आणि अस्सल इंग्लिश बोन चायनात जवळजवळ निम्मी राख असते. भाजताना ते बाराशे अंशांच्या वर जातं, त्यामुळे आरोग्याचा प्रश्न काही नाही. पण मन नावाची गोष्ट असते. एका घरी सासूबाईंना हे सत्यनारायणाच्या दिवशी कोणीतरी सांगितलं, प्रसादाच्या वाट्या मांडून झाल्यावर. सगळा शिरा पुन्हा केला, आणि सेट दुसऱ्या दिवशी माझ्याकडे परत आणला. न सांगता विकण्याची चूक माझीच होती, त्यानंतर आजतागायत केली नाही. तुमच्या मुलीच्या सासरी सोवळंओवळं असेल, नाहीतर व्याही जैन असतील, तर आधी विचारा. हाडाची राख नसलेली पांढरी चिनी मातीही मिळते, पण दुकानदाराला स्पष्ट विचारून घ्या. मोघम "बोन चायनासारखंच आहे" एवढ्यावर जाऊ नका.

सोन्याची कड असलेलं तर नकोच. मायक्रोवेव्हमध्ये ठिणग्या उडतात, डिशवॉशरमध्ये कड पुसट होत जाते. दोघं नोकरीला म्हणजे आज ना उद्या डिशवॉशर येणार.

हल्ली जाड, खडबडीत, मातकट रंगाच्या स्टोनवेअरच्या डिश फार चालतात. फोटोत छान दिसतात. एकेक डिश पाऊण किलोची, चार रचल्या की उचलताना मनगट बोलतं. मॅट पृष्ठभागावर चमच्याच्या करड्या रेघा उठतात. हौस असेल तर दोन घ्या, पोहे खायला.

स्वस्त म्हणून जे घेऊ नये असं मला वाटतं ते मेलामाइन. पडून फुटत नाही, रंगीत असतं, कॅन्टीनमध्ये खपतं. पण ते शेवटी राळेचं प्लास्टिकच. घासणीने चरे पडतात, चऱ्यांत हळद बसते, सहा महिन्यांत पांढरी डिश पिवळी. आणि गरमागरम आमटी, उकळता रस्सा यांसाठी ते नाही. जास्त तापमानाला त्यातून मेलामाइन आणि फॉर्मल्डिहाइड अन्नात उतरू शकतं. मायक्रोवेव्हमध्ये तर अजिबात नाही. बाजारात वरून मेलामाइनचा थर आणि आत युरियाची हलकी राळ असाही माल येतो, तो नुसत्या डोळ्यांना ओळखू येत नाही. कोरड्या खाऊला, भेळेला, पिकनिकला ठीक. रोजच्या जेवणाला मी विकत नाही. शेजारी विकतात, तो त्यांचा धंदा.

चिनी मातीच्या अगदी स्वस्त डिश, हातगाडीवर ढिगाने मिळतात त्या, घ्यायच्या तर उलटून बघा. बुडाला जी कच्ची कड असते तिच्यावर पाण्याचं ओलं बोट टेकवा. पाणी लगेच आत शोषलं गेलं तर माती पुरती भाजलेली नाही. अशा डिशचा टवका उडाला की तिथून आमटी आत शिरते, टवका तपकिरी होतो आणि कितीही धुतला तरी तसाच राहतो. आणि जेवणाच्या भागावर बोटाला जाणवेल असं उठावदार भडक लाल, केशरी चित्र असेल तर ती डिश भिंतीवर लावा. असल्या रंगांत शिसं, कॅडमियम असू शकतं, आणि आपलं जेवण लिंबू-दह्याचं.

काशाच्या ताटांची फॅशन परत आलीय, म्हणून दोन शब्द. अस्सल कासं म्हणजे साधारण ७८ टक्के तांबं आणि २२ टक्के कथील. ताटाच्या कडेवर नखाने टिचकी मारली की देवळातल्या घंटेसारखा आवाज घुमत राहतो. पितळेचा लवकर विरतो. काशाला कल्हई लागत नाही, पितळेला लागते. पण कासं ठिसूळ असतं, फरशीवर पडलं तर तडा जातो, आणि घासायला चिंच-राख नाहीतर पावडर हवी. दोघं नोकरी करणाऱ्यांनी रोज घासायचं? एक ताट आणि एक वाटी घ्या, जावयाच्या धोंड्याच्या महिन्यातल्या मानाला होईल. आणि "जर्मन सिल्व्हर" या नावाला भुलू नका. त्यात चांदीचा कणही नसतो. तांबं, निकेल आणि जस्त.

मग भारी सेट कोणी घेऊच नये का? घ्यावा की. ज्यांच्या घरी महिन्यातून दोनदा पंगत बसते, ज्यांना मांडायची हौस आहे आणि धुवायचीही, आणि ज्यांनी तो सेट रोज काढायचं ठरवलंय त्यांनी जरूर घ्यावा. आमच्या एका जुन्या गिऱ्हाईकबाई आहेत, निवृत्त शिक्षिका, एकट्या राहतात. त्यांनी सहा डिशचा उत्तम बोन चायना घेतला आणि पहिल्या दिवसापासून त्यातच जेवतात, पिठलंभातसुद्धा. पाच वर्षांत एक फुटली. मी म्हटलं, बाई, सेट मोडला. त्या म्हणाल्या, मी एकटी आहे, मला पाच पुरतात. हौसेला मोल नसतं, पण हौस शोकेसमध्ये कोंडून ठेवायची असेल तर मोल नक्की करावं.

पाहुण्यांसमोर काय, हा तुमचा पुढचा प्रश्न असणार. सणाला केळीची पानं आणा. त्याच्याइतकी देखणी मांडणी १८ हजारांत होत नाही, दोन पानं कधी सारखी नसतात म्हणून कोणी नाक मुरडत नाही, आणि घासायचंही नाही.

आता तुमच्या मुलीसाठी मी पावतीवर काय लिहिलं असतं ते सांगतो. बारा इंची काठाची स्टीलची ताटं सहा, २२ गेज. दोन माणसांच्या घरी सहा कशाला? सासूसासरे आणि तुम्ही दोघं एकदम आलात तर. वाट्या बारा, पण दोन मापांच्या: आठ आमटीच्या, चार लहान. सगळ्या एकाच मापाच्या घेतल्या की चटणी मोठ्या वाटीत हरवते. वाट्या एकात एक घालून बघा, अडकत असतील तर दुसऱ्या. ओल्या वाट्या एकमेकींत रुतल्या की रोज सकाळी शिव्या देत सोडवाव्या लागतात. फुलपात्रं सहा, तांब्या एक. नाश्त्याला पांढऱ्या, नक्षी नसलेल्या ओपलच्या छोट्या डिश सहा आणि मोठ्या चार. सेट न घेता सुट्या. बिनानक्षीचं पांढरं तेवढं बंद पडायची शक्यता कमी, आणि छटा थोडी चुकली तरी छोट्या-मोठ्या वेगळ्या असल्याने डोळ्यांत येत नाही. पोळ्यांसाठी झाकणाचा डबा, भातासाठी एक पसरट सर्व्हिंग बाऊल, हवं तर तो जरा भारीतला घ्या. टेबलाच्या मध्ये तोच दिसतो. सगळं मिळून पाच-सहा हजारांच्या आत बसतं. उरलेले तिच्या नावावर ठेवा, वर्षभराने तिला स्वतःला कळेल काय कमी पडतंय.

आणि ताटांवर नाव घालून घेणार असाल तर मागच्या बाजूला, काठाजवळ घाला. पुढून घातलेल्या अक्षरांच्या ठिपक्यांत बेसन बसतं. नाव तिचं एकटीचं की दोघांचं हे आधी घरी ठरवून या. मशीन चालू झाल्यावर फोन लावायला लागतात आणि मागे रांग थांबते.